न घेतलेलं मौन

रेणुका डोईफोडेला 'तुम्ही फार गोड बोलता' असं कुणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते. ती गोड बोलत नाही. मुळात ती बोलतेच कमी, आणि बोलते तेव्हा ते ऐकणाऱ्याला रुचेलच अशी काही हमी नसते. पण समुपदेशक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हळू आवाजात 'सगळं ठीक होईल' म्हणणारी कुणीतरी बाई येते, त्याला ती काय करणार? त्यात आडनाव डोईफोडे. टेंभुर्णीत एका ट्रस्टने दोन खोल्यांचं केंद्र काढलं, दारावर 'मानसिक आरोग्य समुपदेशन' अशी पाटी लागली आणि खाली हे आडनाव आलं, तेव्हा गावाने आठवडाभर मजा करून घेतली. डोकं दुखत असलं तर तिकडं जा, एकदाचं फोडूनच देतात, असं चहाच्या टपरीवर चाललं होतं. ट्रस्टवाले म्हणाले, नुसतं 'रेणुका मॅडम' लिहू. ती म्हणाली, "का बरं? आडनाव माझ्या बापाचंय. राहू द्या." पाटी अजून तशीच आहे.

बाप म्हणजे राधाकिसन, पिंपळगाव रेणुकाईचा. सगळा जन्म मेंढरांमागे गेला. पोरगी एमएसडब्ल्यू झाली, वर मानसोपचाराचं वर्षभराचं प्रशिक्षण करून आली, तेव्हा त्याने विचारलं होतं, "म्हंजे तू लोकांशी बोलणार अन् त्याचा पगार देणार तुला?" तिने हो म्हटल्यावर तो बराच वेळ हसत होता.

पहिल्या वर्षी त्याचं हसणं खरंच ठरायची वेळ आली होती. प्रशिक्षणात शिकवलं होतं: समोरासमोर बसा, डोळ्यांत बघा, जरा पुढे झुका, मान हलवा. रेणुकाने ते सगळं घोटलेलं. केंद्रावर पहिला आला तो रामप्रसाद नावाचा माणूस, तीन महिने झोप नसलेला. रेणुकाने त्याच्या डोळ्यांत बघितलं, पुढे झुकून प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासात चांगला पाच कलमी सल्लाही दिला. त्याने सगळ्याला हो म्हटलं आणि पुन्हा फिरकला नाही. महिन्याने त्याची बायको बाजारात भेटली. ती म्हणाली, "मॅडम चांगल्या हैत म्हणले, पण ठाण्यात बसल्यागत वाटलं." रेणुकाला हे इतकं लागलं की त्या दिवशी ती जेवली नाही.

मग तिला बापाकडची मेंढरांची कातरणी आठवली. एकाने मेंढरू धरायचं, दुसऱ्याने कातर चालवायची. दोघांची नजर लोकरीवर. त्यांच्या घरात जी काही अवघड बोलणी झाली ती सगळी अशी, खाली बघून झाली. धाकट्या भावाच्या मरणाबद्दल राधाकिसन आयुष्यात एकदाच बोलला, तोही मेंढीचे पाय धरून बसलेल्या रेणुकाशी, कातर न थांबवता. तिने केंद्रातल्या दोन खुर्च्या समोरासमोरून काढून शेजारी शेजारी लावल्या आणि मध्ये भुईमुगाच्या शेंगांची टोपली ठेवली. फोडा म्हणायचं. हाताला काम लागलं की माणसाचा गळा मोकळा होतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिचं काम तपासणाऱ्या वंदना मॅडम जालन्याहून आल्या तेव्हा टरफलांचा ढीग बघून म्हणाल्या, "रेणुका, हे केंद्र आहे की तेलाची गिरणी?" रेणुका म्हणाली, "गेल्या महिन्यात नऊ लोक दुसऱ्यांदा आलेत मॅडम. आधी एक येत नव्हता." वंदना मॅडमनी एक शेंग उचलली आणि पुढची नोंदवही मागितली.

तर अशी ही बाई. तिच्याकडे एक दिवस पलक आली.

पलक म्हणजे बाजारपेठेतल्या कापडदुकानवाल्या भागचंदजींची मुलगी, कॉलेजात शिकणारी. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर. तिची दादी सायरबाई साठ दिवस झाले, एक अक्षर बोलली नव्हती. जेवणही दिवसेंदिवस कमी. "सगळे म्हणतात दादीचं मौनव्रत चालूय," पलक शेंग न फोडता नुसती हातात फिरवत म्हणाली. "पप्पांनी तर ठरवलंय, शंभर दिवस पुरे झाले की रविवारी मोठी अनुमोदना करायची, म्हणजे तपाचा गौरव. बग्गीतून मिरवणूक, बॅन्ड. पण ताई, मी दादीच्या खोलीत झोपते. व्रत करणारी माणसं अशी नसतात. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहते."

सायरबाई कोण हे टेंभुर्णीच्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही बाईला विचारा. छत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, भागचंद तेव्हा चौदाचा. समाजातल्या मोठ्यांनी सांगितलं, दुकान दिरांकडे द्या आणि घरात बसा. ही बाई तेराव्यानंतर डोक्यावर पदर घेऊन दुकानाच्या गादीवर जाऊन बसली, आणि बेचाळीस वर्षं उठली नाही. कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची सून बाळंत, कुणाला कोणता काठ शोभतो, सगळं तिला तोंडपाठ. दिवसभर बोलायची. लुगडं घ्यायला आलेली बाई लुगडं आणि चार गोष्टी घेऊन जायची.

पहिल्या गुरुवारी रेणुका त्यांच्या घरी गेली ती छापील कागद घेऊन. नियम आहे, नऊ प्रश्नांचा तक्ता आधी भरायचाच. दुकानावरच्या सायरबाईंच्या खोलीत तिने एकेक प्रश्न वाचला. सायरबाईंनी चौथ्या प्रश्नाला डोळे मिटून घेतले. दारात भागचंदजी उभे होते.

"मॅडम, तुम्ही उगाच तकलीफ घेऊन राह्यल्या," ते म्हणाले. नम्र माणूस, आईला बाई म्हणणारा, आवाज कधी चढत नाही, पण शब्द मागे घेत नाही. "बाईंना बिमारी न्हाई. हे तप आहे. तुमच्यात नसतंय हे, म्हणून तुम्हाला समजणार न्हाई."

"नसेल आमच्यात," रेणुका म्हणाली. "पण भुकेनं वजन उतरतं ते आमच्यातबी अन् तुमच्यातबी. एक्केचाळीस किलो भरल्या बाई. पुढच्या गुरुवारी येते." परवानगी तिने मागितलीच नाही. डॉक्टरकडे न्यायची मागणी मात्र केली आणि पलकने ती तडीस नेली. रक्त तपासलं, सगळं तपासलं. शरीरात काही सापडलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी तिने कागद आणला नाही. खोलीच्या कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे पडले होते. दुकान नवं केलं तेव्हा खाली जागा नाही म्हणून वर आणून टाकलेली नऊवारी लुगडी. रेणुका सायरबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली, एक लुगडं ओढलं, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घालायला लागली. घडी भयंकर झाली. दुसरं घेतलं, तेही तसंच. तिसऱ्याच्या वेळी सायरबाई उठून बसल्या, तिच्या हातातून लुगडं हिसकावलं, काठाला काठ लावला आणि चार झटक्यांत अशी घडी घातली की रेणुका बघतच राहिली. मग दुसरं तिच्याकडे सरकवलं. घाल, असं नजरेने सांगितलं.

तो गुरुवार आणि पुढचा गुरुवार घड्यांमध्ये गेला. एक शब्द नाही. रेणुका मधूनच आपल्याबद्दल काही बोलायची, बापाची मेंढरं, तिची बंद पडणारी स्कूटी. सायरबाई चुकलेल्या घडीवर टिचकी मारायच्या. तिसऱ्या भेटीला त्या रेणुकाची वाट बघत बसल्या होत्या, हे पलकने पाहिलं. रेणुका खूष होती.

वंदना मॅडमचा फोन आला. "नोंदीत लिहिलंयस, 'घड्या घातल्या'. पुन्हा पुढच्या आठवड्यात 'घड्या घातल्या'. पुढं?"

"मॅडम, ती बाई हळूहळू मोकळी होऊन राह्यली. बघितलं तरी कळतंय. साच्यात बसवून होणार न्हाई हे."

"साचा राहू दे. वजन किती?"

रेणुकाने आकडा सांगितला. दोन किलो उतरलं होतं.

"मला वाटतं तुला ती आवडायला लागलीय," वंदना मॅडम म्हणाल्या. "आवडू दे, त्याशिवाय काही होतही नाही. पण तू आता तिला दुखवायला घाबरतेस. तिच्या घरातले सगळे तिच्या शांततेला हात लावायला घाबरतात. तूही त्यांच्यात जाऊन बसलीस. मग तुझा तिला उपयोग काय?"

रेणुकाने फोन ठेवला आणि तासभर मनातल्या मनात भांडत राहिली. जालन्यात खुर्चीत बसून बोलायला काय जातं, इथं येऊन बघा म्हणावं. भांडण संपलं तेव्हा तिला कबूल करावं लागलं की मॅडमनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. रामप्रसादच्या वेळी ती फार घाईने घुसली होती, आणि त्या चुकीला इतकी भ्याली होती की आता दारातच बसून राहिली होती. तिला स्वतःचा राग आला. तो राग कामाला आला.

चौथ्या गुरुवारी घड्या झाल्यावर तिने पलकला जिन्यात गाठलं. "तुमच्यात व्रत घेतात म्हंजे नेमकं काय करतात?"

"पच्चक्खाण घेतात," पलक म्हणाली. "एका दिवसाचा उपवास असला तरी. महासतीजींकडून, म्हणजे आमच्या साध्वींकडून घ्यायचं, त्या नसल्या तर स्वतः पाठ म्हणून. ठरवून, बोलून. त्याच्याशिवाय व्रत होतच न्हाई."

"बाईंना कुणी दिलं?"

हा प्रश्न घरात कुणाच्याच मनात आला नव्हता, कारण सायरबाईंसारखी बाई पच्चक्खाणाशिवाय काही करेल असं कुणाला वाटलंच नसतं. मग पलकने आठवून आठवून सांगितलं. दुकान नवं झालं. काचेचं दार, काचेचा काउंटर, तीन सेल्सगर्ल. दादी सकाळी खाली गेली तर गादीच नव्हती. पप्पा प्रेमाने म्हणाले, बाई, खूप केलं तुम्ही, आता आराम करा, धरमध्यान करा. दादी वर आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या केशरबाई आल्या, दादी त्यांच्याशी बोलेना. मम्मीला काय सांगावं सुचेना, ती म्हणाली, मौन आहे बाईंचं. केशरबाईंनी हात जोडले आणि दादीच्या पाया पडल्या. दुसऱ्या दिवशी आणखी चौघी आल्या.

ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. दुसरीकडे म्हातारी बोलेनाशी झाली तर लोक म्हणतील, बाहेरचं झालं, नाहीतर म्हणतील, नाटक करते. त्या भल्या, धार्मिक घराने तिला तपस्विनी केलं. आणि तपस्विनीला विचारायचं काय?

पाचव्या गुरुवारी, एक्याण्णवाव्या दिवशी, रेणुका घड्या घालता घालता, नजर काठावर ठेवून म्हणाली, "बाई, तुम्ही पच्चक्खाण घेतल्तंच न्हाई ना?"

सायरबाईंचे हात थांबले. रेणुकाने पुढे काही जोडलं नाही. माफी मागितली नाही, समजावलं नाही. सायरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा तिने रुमालही पुढे केला नाही. रुमाल दिला की पुसावं लागतं, पुसलं की आवरावं लागतं, हे तिला आता कामावरून कळलं होतं. बाहेर टेम्पो गेला, शेजारी कुणीतरी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या. ती बसून राहिली.

"न्हाई," सायरबाई म्हणाल्या. आवाज इतका घोगरा की त्या स्वतःच दचकल्या.

मग तुकड्या तुकड्याने आलं. गादी नव्हती त्या दिवशी बोलायची वासनाच गेली. कुणाशी बोलू, काय बोलू. लोक पाया पडायला लागले तेव्हा सांगायचं होतं, अगं मी काही घेतलं न्हाई. पण सांगितलं तर भागचंदची मान खाली जाणार. न सांगावं तर रोज नव्या माणसाचा हात पायाला लागतो. "खोट्याच्या पाया पडून राह्यले लोक. मला घास जात न्हाई बाई. तोंड उघडलं की वाटतं, सगळं बाहेर पडंल." आणि शेवटी रेणुकाचं मनगट घट्ट धरून, "भागचंदला सांगू नको."

"न्हाई सांगणार," रेणुका म्हणाली. "तुम्ही इथं बोललात ते इथंच राहतंय. जिवाला धोका झाला तरच मला तोंड उघडावं लागंल, अन् आणखी एक किलो उतरलं तर मी तो धोका समजते, डॉक्टरला अन् घरच्यांना बोलावते, हे आत्ताच सांगून ठेवते. पण ह्या मौनाचं तुमच्या वतीनं मी काही बोलणार न्हाई. ते बोललात तर तुम्हीच बोलाल."

"अन् न्हाई बोलले तर?"

"तर रविवारी बग्गीत बसा. मी पुढच्या गुरुवारीबी येते अन् त्याच्या पुढच्याबी. पण ते बरोबर हाय असं मी म्हणणार न्हाई."

सायरबाईंनी मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं. रागावल्या होत्या. रेणुका जिना उतरली तेव्हा खाली भागचंदजींनी विचारलं, "मॅडम, आवाज आल्यासारखा वाटला. बाई बोलल्या का काय?" तिने सरळ त्यांच्याकडे बघून सांगितलं, "आमच्या खोलीत काय होतं ते मी बाहेर सांगत न्हाई. तुम्ही ट्रस्टकडं तक्रार करा, पण सांगणार न्हाई." भागचंदजींनी खरोखर तक्रार केली. वंदना मॅडमनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि रेणुकाला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "झोप लागते ना तुला?" लागत नव्हती. एका शब्दाने ती मिरवणूक थांबवू शकत होती आणि तो शब्द गिळून आठवडा काढणं हेच तिचं काम होतं. नोंदवहीत याचा रकाना नाही.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी ती आली तेव्हा रस्त्यावर कमान उभी राहत होती. फलकावर सायरबाईंचा हात जोडलेला फोटो, खाली 'मौन तपस्विनी'. रेणुकाने स्कूटी लावली आणि काचेतून आत बघितलं. सायरबाई खाली होत्या. काउंटरपाशी उभ्या, काखेत चार लुगडी. मागे पलक, चेहरा पांढराफटक.

केदारखेड्याहून बाळंतीण लेकीकडे आलेली चांगुणाबाई नावाची म्हातारी नऊवारी मागत होती आणि सेल्सगर्ल तिला समजावत होती, "आजी, नऊवारी आम्ही ठेवत न्हाई आता. गाऊन दाखवू का?"

"कोणता काठ पाहिजे तुला?" सायरबाई म्हणाल्या.

सगळं दुकान जागच्या जागी थबकलं. भागचंदजी काउंटरमागून लगबगीने आले, गिऱ्हाइकांकडे बघत हसले, हात जोडले. "बाईंच्या तोंडून चुकून निघालं. तीनच दिवस राहिले मौनाचे."

"चुकून न्हाई निघालं," सायरबाई म्हणाल्या. घरात मारवाडी बोलणारी ही बाई मुद्दाम मराठीत बोलत होती, दुकानातल्या प्रत्येकीला कळावं म्हणून. "मौन मी घेतल्तंच न्हाई, भागचंद. तू गादी काढली, माझं बोलणं संपलं. मौन त्याला तुम्ही म्हणालात."

भागचंदजींची नजर दारात उभ्या असलेल्या रेणुकावर पडली. "हे तुम्ही शिकवलं."

रेणुका दारातून आत आली. "मी शिकवलं असतं तर बाईंनी ऐकलं असतं का? तुमची आई आहे, तुम्हालाच माहीत."

ते आईकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "तीनशे माणसं येऊन राह्यलीत, बाई. जालन्याचा जैन संघ येऊन राह्यलाय. त्यांना काय सांगू मी?"

"खरं सांग," सायरबाई म्हणाल्या. "बारा वर्षांची होते, महासतीजींपुढं उभं राहून खरं बोलायचं पच्चक्खाण घेतल्तं. सहासष्ट वर्षं पाळलं. तुझा बाप गेला तेव्हा पाळलं, लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या तेव्हा पाळलं. ते ह्या अठ्ठ्याण्णव दिवसांत मोडलं, अन् लोक माझ्या पाया पडून राह्यले. तुझी मान खाली जाते म्हणून मी गप बसले. आता जाऊ दे खाली. माझी बी जाऊ दे."

सायरबाईंनी काउंटरच्या काचेवरचे गाऊन हाताने बाजूला सारले, चारही लुगडी मांडली आणि चांगुणाबाईला म्हणाल्या, "हां, बोल. लेकीला मुलगा झाला का मुलगी?"